मांजर पुन्हा पाण्याच्या भांड्यापाशी: अल्ट्रासॉनिक यंत्रात दोष कुठे शोधायचा

तक्रार बहुधा अशीच असते. बागेत पक्ष्यांसाठी पाणी ठेवलं, बुलबुल, दयाळ, होले, साळुंक्या येऊ लागल्या आणि त्यांच्या मागे मांजरही आलं. मग सेन्सरवालं अल्ट्रासॉनिक यंत्र, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा पण मांजराला नकोसा वाटणारा आवाज करणारं यंत्र, आणून वाफ्यात खोचलं. दहा-पंधरा दिवस मांजर फिरकलं नाही. नंतर एके सकाळी कर्दळीच्या बुडाशी बुलबुलाची पिसं. यंत्राचा लाल दिवा तर लागतोय, म्हणजे यंत्र चालू. तरी मांजर येतंय, म्हणजे त्याला आवाजाची सवय झाली. एवढ्यावर निकाल लागतो आणि यंत्र माळ्यावर जातं.

सवय होते, हे खरं. पण ते कारण सगळ्यात शेवटी धरायचं. आधी तीन गोष्टी याच क्रमाने पाहायच्या: सेन्सरला मांजर कळतंय का, आवाज निघून मांजराच्या कानापर्यंत पोचतोय का, आणि आवाज सोसूनही यावं असं बागेत काही आहे का. हा क्रम सोडला की नव्या यंत्रावर पैसे जातात आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

आधी माप घ्या

यंत्र उत्तम चाललं तरी मांजर शून्यावर येत नाही. ब्रिटनमधल्या आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेने अशा यंत्राच्या दोन मोठ्या चाचण्या घेतल्या. निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. एका चाचणीत मांजर बागेत शिरण्याची शक्यता सुमारे 32 टक्क्यांनी घटली, दुसरीत घटलीच नाही. मात्र शिरलेलं मांजर बागेत थांबण्याचा वेळ दोन्हींत कमी झाला. ऑस्ट्रेलियात पर्थच्या उपनगरांतल्या अभ्यासात (2018) फेऱ्या 46 टक्क्यांनी आणि थांबण्याचा वेळ 78 टक्क्यांनी कमी झाला.

यातला थांबण्याचा वेळ जास्त महत्त्वाचा. मांजर चालता चालता पक्षी पकडत नाही, दबा धरून बसतं. त्याला दहा मिनिटं स्वस्थ बसू दिलं नाही की अर्धं काम झालं. म्हणून 'मांजर दिसलं, म्हणजे यंत्र निकामी' असा हिशेब करू नका. भिंतीवरून उतरून तडक निघून जाणारं मांजर हे यंत्राचं यशच आहे.

हा फरक डोळ्यांना दिसत नाही, मोजावा लागतो. मांजर जिथून येतं तिथे आणि पाण्याच्या भांड्याभोवती चाळलेल्या मातीचा हातभर रुंद, बोटाच्या पेराएवढा जाड पट्टा पसरा आणि तो संध्याकाळी हाताने सपाट करा. सकाळी पंजे मोजा. मांजराच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात उमटतात. पहिले सात दिवस यंत्र बंद ठेवून मोजायचं, मग चालू करून तीन आठवडे. बंद असतानाचा आकडाच हाती नसेल तर पुढची सगळी चर्चा अंदाजपंचे. पावसाळ्यात माती चिखल होते, तेव्हा छपराखालच्या भिंतीलगत पट्टा करा. रांगोळीची पूड मात्र नको, मांजर पंजे चाटतं.

सेन्सरला मांजर दिसतंय का

या यंत्रांत पीआयआर सेन्सर असतो. तो स्वतः कुठलेही किरण सोडत नाही, समोरच्या वस्तूंची उष्णता वाचतो. पांढरट प्लास्टिकच्या घुमटावर बारीक भिंगं असतात. त्यांनी समोरची जागा पट्ट्यापट्ट्यांत वाटली जाते. आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की सेन्सर चाळवतो आणि स्पीकर चालू होतो. टीव्हीचा रिमोट तपासतात तसं मोबाइलच्या कॅमेऱ्यातून सेन्सरकडे पाहणारे पुष्कळ भेटतात. तिथे चमकणारं काही नसतंच.

यातून चार अडचणी निघतात.

पहिली, उंची. खोक्यावर 'पल्ला 10 मीटर' लिहिलेलं असतं आणि आपण बागेतून चालून पाहतो तेव्हा दिवा 10 मीटरवर लागतोही. पण आपण साडेपाच फुटांचे. मांजराचा खांदा जमिनीपासून जेमतेम 25 सेंटिमीटर, आणि शिकारीला निघालेलं मांजर त्याहून खाली वाकतं. कमरेच्या उंचीवर लावलेल्या यंत्राची नजर मांजराच्या डोक्यावरून जाते. सेन्सरचा घुमट जमिनीपासून 20 ते 30 सेंटिमीटरवर आणि यंत्र जमिनीला समांतर हवं. खुंटीला जोडनळ्यांचे दोन-तीन तुकडे मिळतात, सगळे जोडायलाच हवेत असं नाही. मधला तुकडा काढला की उंची बसते.

दुसरी, दिशा. सेन्सरसमोरून आडवं जाणारं मांजर पट्ट्या ओलांडतं, म्हणून लगेच कळतं. सरळ सेन्सरकडे चालत येणारं मांजर बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतं, म्हणून उशिरा कळतं किंवा कळतच नाही. त्यामुळे यंत्र मांजराच्या वाटेच्या टोकाला न लावता बाजूला लावायचं, वाट समोरून आडवी जाईल असं.

आपल्याकडे मांजराची वाट बहुतेकदा कंपाउंडची भिंत असते. शेजारच्या पत्र्यावरून भिंतीवर, भिंतीवरून पेरूच्या झाडावर, झाडावरून खाली. जमिनीवर खोचलेल्या यंत्राला पाच फूट उंच भिंतीवरचं मांजर दिसणं शक्य नाही. ते उडी मारून खाली आल्यावरच यंत्र जागं होतं, आणि तोवर भांडं दोन उड्यांवर असतं. इथे यंत्र भिंतीपासून दीड-दोन मीटर आत, खांबावर, भिंतीच्या माथ्याहून वीतभर वर लावा आणि तोंड भिंतीकडे करा. शेजारच्यांना आधी सांगा, कारण आवाज त्यांच्या अंगणात जाणार.

तिसरी अडचण उन्हाळ्याची, आणि परदेशी यंत्रांच्या माहितीपत्रकात ती सहसा नसते. मांजराच्या शरीराचं तापमान 38-39 अंश. अंगावर केस असल्यामुळे बाहेरून ते त्याहूनही कमी गरम भासतं. थंडीतल्या सकाळी 15 अंशांच्या भिंतीसमोर मांजर सेन्सरला दिव्यासारखं दिसतं. एप्रिलमध्ये दुपारी सावलीतली भिंतच 37-38 अंशांवर जाते, तेव्हा भिंत आणि मांजर यांत सेन्सरला फरक उरत नाही. विदर्भात पारा 44-45 वर गेला की गणित उलटं होतं: तापलेल्या फरशीपुढे मांजर थंड दिसतं आणि सेन्सर कधी चाळवतो, कधी नाही. पक्ष्यांना पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते त्याच वेळी यंत्र आंधळं. 'पंधरा दिवस बरे गेले' यातले दिवस मार्चच्या सुरुवातीचे आणि तक्रार एप्रिलमधली असेल, तर सवयीला दोष देण्याआधी हे तपासा.

उपाय साधा आहे. सेन्सरसमोरची पार्श्वभूमी थंड ठेवायची. उन्हात तापलेली भिंत किंवा फरशी समोर येत असेल तर यंत्र फिरवून झुडपांच्या सावलीतल्या हिरव्या भागाकडे करा. ते जमत नसेल तर भांड्याभोवतीची जमीन दुपारी आणि चारच्या सुमारास ओली करा. सडा घातल्यासारखं पाणी पुरतं. बाष्पीभवनाने जमीन निवते आणि मांजर वेगळं उठून दिसतं. झाडांना तसंही पाणी घालायचंच असतं, वेळ तेवढी बदलायची.

चौथी, काच. पाऊस आणि चोरी टाळायला कुणी यंत्र खिडकीच्या आत ठेवतं. सेन्सर ज्या उष्णतेच्या लहरी वाचतो त्या काचेतून पार होत नाहीत आणि आवाजही जवळजवळ अडतो. दिवा लागतो तो घरातल्या माणसांमुळे.

हे सगळं तपासायला रबरी गरम पाण्याची पिशवी पुरते. तीत सुमारे 40 अंशांचं, म्हणजे अंघोळीला घेतो तसं पाणी भरा, वर जुन्या कापडाचा एक पदर गुंडाळा आणि पाच मिनिटं तशीच ठेवा. पाच मीटर सुतळी बांधून पिशवी मांजराच्या वाटेवरून हळूहळू ओढा, सेकंदाला साधारण हातभर. ओढणारा सेन्सरच्या नजरेबाहेर, यंत्राच्या मागे हवा, नाहीतर त्याच्यामुळेच दिवा लागेल. 2, 4 आणि 6 मीटरवर करून पाहा. जिथे दिवा लागत नाही तिथे खडूने खूण करा. ती यंत्राची खरी हद्द. हाच प्रयोग सकाळी सातला आणि दुपारी तीनला करा. दोन खुणांमधलं अंतर पाहिलं की उन्हाळ्याचा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

घुमट ओल्या मऊ कापडाने महिन्यातून एकदा पुसा. बांधकामाच्या धुळीत दर आठवड्याला.

दिवा लागतो, पण आवाज?

लाल दिवा म्हणजे सेन्सर चाळवला, एवढंच. स्पीकर वाजतोय याचा तो पुरावा नाही. सेल उतरलेले असतील तरी दिवा लागतो, कारण त्याला वीज नगण्य लागते. स्पीकरला पुरेशी मिळत नाही आणि आवाज क्षीण होतो. यंत्र 'चालू' असूनही निकामी असण्याचं हे नेहमीचं कारण.

आवाज किती तीव्र, म्हणजे किती उंच स्वराचा, हे किलोहर्ट्झमध्ये मोजतात. आपल्याला 20 किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, वाढत्या वयात 14-15 च्या वरचंही नाही. मांजराला जवळजवळ 85 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण 45 पर्यंत. मग तपासायचं कसं? यंत्राच्या मागे आवाजाचा पट्टा, म्हणजे किती ते किती किलोहर्ट्झ, निवडायची गोल कळ असते. ती तात्पुरती खालच्या पट्ट्यावर, साधारण 15 ते 19 किलोहर्ट्झवर आणा. कुठला आकडा कुठला पट्टा हे माहितीपत्रकात असतं. मग मोबाइलमध्ये आवाजाचा आलेख दाखवणारं स्पेक्ट्रम अॅप घेऊन फोन स्पीकरसमोर अर्ध्या मीटरवर धरा. पट्ट्याच्या जागी उंचवटा उठायला हवा. बहुतेक फोन आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने घेतात, म्हणून त्यांना 24 किलोहर्ट्झच्या पुढचं काहीच दिसत नाही. 25 च्या वरच्या पट्ट्यावर तपासून 'आवाजच नाही' असं ठरवू नका. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर त्याला दोन-तीन मीटरवरून विचारा, त्याला खालचा पट्टा ऐकू येतो. कान स्पीकरला लावून ऐकायचं मात्र कुणीच नाही. ऐकू येत नसला तरी आवाज मोठा असतो.

तपासून झालं की कळ परत वर न्यायची. रोजच्या वापराला 20 ते 25 किलोहर्ट्झच्या आसपासचा, सतत वरखाली सरकणारा पट्टा बरा. त्याखाली गेलं की शेजारची मुलं हैराण होतात. फार वर गेलं की आवाज हवेतच विरतो. 20 किलोहर्ट्झचा आवाज हवेत मीटरमागे अर्ध्या डेसिबलच्या आसपास गमावतो, 40 चा त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल जातात ते वेगळेच. खोक्यावर मोठा आकडा लिहिलेला असला तरी प्रत्यक्षात 5 ते 8 मीटर धरून चाला.

तेही मध्ये काही नसेल तर. 20 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी फक्त 17 मिलिमीटर. एवढी आखूड लहर वळसा घालून जात नाही. कर्दळीचं एक पान, कुंडीचा काठ, विटांची ओळ पुरेशी असते. यंत्रासमोर मार्चमध्ये मोकळी जागा होती आणि ऑगस्टमध्ये तिथे गुडघाभर गवत उभं आहे, असं सर्रास होतं. फोन घेऊन मांजराच्या बसायच्या जागी जा, जमिनीपासून वीतभर उंचीवर धरा आणि उंचवटा दिसतो का पाहा. दिसत नसेल तर पानं छाटा किंवा यंत्र सरकवा. झुडूप दाट असेल तर दोन बाजूंनी दोन यंत्रं लावण्यापेक्षा झुडपाचा खालचा फूटभर भाग विरळ करणं स्वस्त आणि जास्त उपयोगी. दबा धरायला जागाच उरत नाही.

घरी सर्किट जोडणाऱ्यांसाठी एक सूचना. अंतर मोजायच्या मॉड्यूलमधला, पाठीवर टी-40 लिहिलेला ट्रान्सड्यूसर (विजेचा आवाज करणारा भाग) इथे वापरू नका. तो 40 किलोहर्ट्झच्या अगदी जवळच नीट वाजतो, वरखाली सरकवता येत नाही. पीझो ट्वीटर, म्हणजे उंच आवाजाचा छोटा स्पीकर, घ्या. सेन्सर एचसी-एसआर501 हा सुटा मिळणारा पीआयआर असेल तर वीज दिल्यावर मिनिटभर तो स्थिरावू द्या. त्याचा पल्ला स्क्रूने 3 ते 7 मीटर बदलतो आणि कमाल पल्ल्यावर खोटे इशारे वाढतात.

वीज

बदलायच्या सेलवर चालणाऱ्या यंत्रात चार साध्या अल्कलाइन सेलचं एकत्र व्होल्टेज नवीन असताना 6 च्या थोडं वर असतं. मल्टीमीटरने यंत्र वाजत असताना मोजा; बंद असताना मोजलेला आकडा फसवतो. वाजताना 5 च्या खाली जात असेल तर सेल बदला, चारही एकदम. नवे-जुने मिसळले की जुने आधी संपतात आणि गळू लागतात.

सोलर यंत्रात उलटी चूक होते. आतले निकेल मेटल हायड्राइडचे 1.2 व्होल्टचे चार्ज होणारे सेल वर्ष-दोन वर्षांनी मरतात आणि त्यांच्या जागी बाजारातले साधे 1.5 व्होल्टचे घातले जातात. पॅनल त्यांना चार्ज करायला बघतं, सेल फुगतात, गळतात आणि पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. तसाच चार्ज होणारा सेलच घाला. लिथियमचा 18650 (हे सेलच्या मापाचं नाव) असेल तर जुना होता त्याच प्रकारचा, संरक्षक पट्टी असलेला.

पॅनलला ऊन हवं आणि पक्ष्यांच्या भांड्याला सावली. दोन्ही एकाच जागी बसत नाहीत. आंब्याखाली लावलेलं सोलर यंत्र आठवडाभरात उपाशी पडतं. पॅनल वेगळं काढून वायरने उन्हात लावता येणारं यंत्र घ्या, किंवा दर दहा दिवसांनी यूएसबीने भरा. जून ते सप्टेंबर तर यूएसबी किंवा अडॅप्टरच गृहीत धरा. अडॅप्टरचे व्होल्ट आणि पिनेची आतली-बाहेरची टोकं यंत्रावरच्या खुणेशी जुळवूनच लावा, आणि जोड उघड्यावर असेल तर पाणी शिरणार नाही अशा डबीत घ्या.

सेल दोन-तीन आठवड्यांतच संपत असतील तर दोष सेलचा नाही. सेन्सर दिवसभर उगाच चाळवतोय. समोर एसीचं बाहेरचं युनिट आहे का, उन्हात तापून वाऱ्याने हलणारी केळीची पानं आहेत का, वाळत घातलेले कपडे आहेत का, रस्त्याची रहदारी दिसतेय का, सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट घुमटावर येतंय का, हे पाहा. घुमटाच्या नको त्या बाजूला काळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवली की तेवढा कोन बंद होतो. हे सेलपुरतं नाही, पुढे सवयीच्या मुद्द्याशीही याचा संबंध आहे.

पाऊस, मुंग्या, कुंभारीण

पहिल्या पावसात यंत्रावर प्लास्टिकची पिशवी चढवली जाते. पिशवीने आवाज अडतो, सेन्सरही मंदावतो. यंत्र कोरडं राहतं आणि मांजरही निवांत. वरून छप्पर द्या, समोरून काही नको. पाच लिटरचा तेलाचा डबा आडवा कापून, किंवा सहा इंची पीव्हीसी पाइपचा उभा अर्धा तुकडा वर बांधून, पुढे 5 सेंटिमीटर पागोळी ठेवली की पुरतं. मातीचे शिंतोडे घुमटावर उडू नयेत म्हणून खाली थोडी खडी पसरा.

स्पीकरच्या जाळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, कोळी जाळं विणतो, लाल मुंग्या आत शिरतात. कोरड्या, बारीक रंगाच्या ब्रशने साफ करा. टाचणी घालू नका, मागची पातळ चकती फुटते. पाण्याचा फवारा तर नाहीच. कोकणात खाऱ्या हवेने सेलच्या पट्ट्या गंजतात. पावसाळ्याआधी बारीक पॉलिश पेपरने घासून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. जाळीच्या आतली चकती एकदा हिरवी पडली की दुरुस्तीच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

आवाज पोचतोय, तरी येतंय

आता मांजराकडे वळायचं.

पांढरंशुभ्र आणि दोन्ही डोळे निळे असलेलं मांजर असेल तर ते बहिरं असण्याचा संभव मोठा: अशा मांजरांत 65 ते 85 टक्के जन्मतः बहिरी असतात. म्हाताऱ्या बोक्यांनाही कमी ऐकू येतं. पाठ फिरलेली असताना मागे ताट वाजवून पाहा, कान वळले नाहीत तर यंत्राचा नाद सोडा.

भाटी व्यायलेली असेल तर ती पिलांना सोडून जाणार नाही, कितीही आवाज करा. अडगळीची खोली, जिन्याखालची जागा, पाण्याच्या टाकीमागचा कोपरा पाहून घ्या. पिलं सापडली तर यंत्र बंद करा. आवाजाने ती पिलं उचलून दुसरीकडे नेईल किंवा तिथेच ताण सोसत राहील, आणि पक्ष्यांचा फायदा दोन्हींत नाही. पिलं दूध सुटून हिंडू लागली की नसबंदी करून घ्या. दर वर्षी नव्या मांजराला हुसकायची कटकट त्यानेच थांबते.

बाकी कारणं स्वयंपाकघरातून निघतात. माशांची खवलं आणि डोकी खताच्या खड्ड्यात वरच टाकली जातात. शेजारच्या काकू दूधभाताची वाटी भिंतीवर ठेवतात. खड्ड्यात उंदीर झालेत. नवीन वाफ्याची भुसभुशीत माती मांजराला शौचाला पसंत पडते. खवलं फूटभर खोल पुरा, खड्ड्यावर जाळी टाका, वाफ्यावर तुरीच्या किंवा बोगनवेलीच्या काटक्या आडव्या अंथरा. वाटीचं काकूंशी बोलून ठरवा: ती बंद करू नका, बागेपासून लांब, इमारतीच्या दुसऱ्या बाजूला आणि ठरल्या वेळी न्या. उपाशी मांजरापेक्षा पोट भरलेलं मांजर कमी भटकतं. शिकार मात्र ते तरीही करतं, एवढं लक्षात ठेवायचं.

आणि मग सवय. उगाच, वेळीअवेळी, मांजर नसतानाही वाजणारा आवाज मांजर लवकर दुर्लक्षित करतं, कारण त्याचा मांजराच्या स्वतःच्या हालचालीशी संबंध उरत नाही. आपण पाऊल टाकलं की वाजतं आणि मागे फिरलं की थांबतं, हे त्याला कळायला हवं. म्हणून 'सतत चालू' हा पर्याय कधीच निवडू नका. खोटे इशारे वर सांगितल्याप्रमाणे कमी करा. दर दोन-तीन आठवड्यांनी यंत्र मीटर-दीड मीटर सरकवा आणि पट्टा बदलता ठेवा. लखलखणारा दिवा असेल तर तो बंद करा; रात्री झाडावर झोपलेल्या पक्ष्यांना तोच जास्त त्रास देतो.

यंत्र लावल्यावर पक्षीच येईनासे झाले तरी त्यात दोष बहुधा या दिव्याचा, किंवा भांड्याच्या अगदी शेजारी उभ्या केलेल्या नव्या वस्तूचा. आवाजाचा नाही. बहुतेक पक्ष्यांना 10 किलोहर्ट्झच्या वरचं ऐकूच येत नाही. यंत्र भांड्यापासून तीन मीटर लांब न्या, चार-पाच दिवसांत पक्षी परततात.

भांडं आणि घरटं

एवढं करूनही यंत्र निम्म्या फेऱ्या टाळेल. उरलेल्या निम्म्यांसाठी भांडं हलवायचं. खरं तर हे आधी करावं, पण खरेदी आधी होते.

भांडं जमिनीवर असेल तर त्याच्या चारही बाजूंना दोन मीटर मोकळी जमीन हवी, म्हणजे झेप घेणारं मांजर पक्ष्याला आधी दिसतं. पक्ष्याला उडून बसायला डोक्याच्या उंचीवर एखादी फांदी जवळ असावी. खांबावर ठेवायचं असेल तर 1.8 मीटर उंच, आणि लाकडी खांब नको: मांजर नखं रोवून चढतं. चार इंची गुळगुळीत पीव्हीसी पाइप सिमेंटमध्ये उभा करा आणि वर पसरट मातीचं भांडं ठेवा. मांजर दीड मीटरपर्यंत सहज उडी घेतं, त्यामुळे कमरेएवढा स्टँड म्हणजे त्याच्यासाठी जेवणाचं टेबल. बाजरी-तांदूळ खाली सांडू देऊ नका, होले आणि मुनिया दाणे टिपायला जमिनीवर उतरतात.

घरट्याच्या झाडाला दीड मीटर उंचीवर 60 सेंटिमीटर रुंद पत्रा किंवा जाड गुळगुळीत प्लास्टिक सैलसर गुंडाळा. खिळे नकोत, स्प्रिंग किंवा सुतळी पुरते. फांदी भिंतीला किंवा पत्र्याला टेकत असेल तर तो वेढा शोभेचा. बुलबुल आणि शिंपी पक्ष्याची घरटी बहुतेकदा छातीच्या उंचीच्या झुडपात असतात, तिथे वेढा बसत नाही. तिथे पिलं उडेपर्यंत झुडपाभोवती कोंबडीजाळी उभी करा, बुलबुल आरामात ये-जा करतील एवढी वरून मोकळी. नुकतीच घरट्याबाहेर पडलेली पिलं दोन-तीन दिवस जमिनीवर असतात. सगळ्या हंगामातले हेच दिवस धोक्याचे, आणि एखादं यंत्र असेल तर ते याच दिवसांत तिथे हलवा.

यंत्राचं तोंड वर, छपराच्या वळचणीकडे करू नका. तिथे राहणारी कीटक खाणारी छोटी वटवाघळं अशाच, आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजावर दिशा शोधतात. घरात कुत्रा, ससा किंवा गिनीपिग असेल तर त्यांच्या जागेपासून उलट्या दिशेला वाजू द्या. विजेची तार, विषारी आमिष, फासे यांचा विचारही नको. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 पासून आहे आणि विष घातलेलं खाणं दयाळही खातो.

मांजर घरचंच असेल तर या सगळ्याची गरज कमी. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण हा प्रश्न इथे अवघड नाही: ब्रिटनमधल्या 2005 च्या अभ्यासात घंटा बांधलेल्या मांजरांनी घरी आणलेल्या पक्ष्यांची संख्या 41 टक्क्यांनी कमी भरली. पट्टा ओढ बसताच सुटणाऱ्या चापाचा घ्या, म्हणजे फांदीत अडकून गळफास बसणार नाही. पट्ट्याखाली एक बोट जाईल एवढी जागा ठेवा, आणि सकाळी नऊपर्यंत व संध्याकाळी पाचनंतर मांजराला आत ठेवा.

हंगाम संपल्यावर यंत्र काढून ठेवाल तेव्हा सेल बाहेर काढा. लिथियमचा सेल असेल तर तो अर्धा भरलेला ठेवा, तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा, आणि पुढच्या फेब्रुवारीत लावताना गरम पाण्याच्या पिशवीची चाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्या.